डाव्या हाताची सावली

१

सूर्याचं चित्र काढायला पाऊण तास पुरतो. आकारामकडून घुमट फिरवून घ्यायला मात्र कधीकधी सगळी सकाळ जाते.

“आकाराम, ऊन वर आलं. चला.”

“आवं सर, च्या तरी घिऊ द्या की. दिवस काय एस्टी हाय व्हय, चुकली म्हंजी गेली?”

विट्याच्या पुढं, पवनचक्क्यांच्या माळावर ही वेधशाळा आहे. संस्थानच्या काळात बांधलेली, पुढे विद्यापीठाकडे आलेली. खाली राखणदार आकारामची खोली, वर दगडी गोल खोली, तिच्यावर पत्र्याचा घुमट आणि मधोमध पितळी दुर्बीण. रात्रीचं काम केव्हाच बंद झालं. पवनचक्क्यांचे लाल दिवे आणि द्राक्षबागांचे फोकस यांच्यात तारे शोधायला कुणी येत नाही. सूर्य तेवढा उरला होता.

सूर्याकडे दुर्बिणीतून बघायचं नसतं. डोळा जातो. दुर्बिणीच्या मागच्या टोकापासून हातभर अंतरावर एक पांढरा पट असतो, त्यावर कागद लावायचा, आणि कागदावर सूर्याचं वितभर बिंब पडतं. त्या बिंबावर जे काळे डाग दिसतील ते पेन्सिलीनं जिथल्या तिथं काढायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हे काम माझी बायको गुणमाला करत होती. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांत वाढतात आणि ओसरतात. असा एक पुरा फेरा एकाच दुर्बिणीवर, ढगांचे दिवस सोडून एकही दिवस न चुकवता कागदावर आणायचा, असं तिनं ठरवलं होतं. फेरा संपायला काही महिने राहिले आणि ती गेली. मूत्रपिंडं.

शेवटचं वर्ष ती सांगलीच्या दवाखान्यात आणि घरी अशी होती, आणि मी इथं. मी मराठीचा प्राध्यापक, चार पुस्तकं लिहिलेला माणूस. सूर्याशी माझा संबंध एवढाच, की आमच्या जैन घरात तो बुडायच्या आत जेवण उरकायचं असतं. पण ती म्हणाली, खंड पडता कामा नये, म्हणून मी शिकलो. चित्राचा फोटो फोनवर पाठवायचो. डायलिसिसच्या खुर्चीवरून तिचा फोन यायचा.

“अहो, खालचा डाग तुम्ही अंदाजानं टाकलाय.”

“तिथंच आहे तो.”

“तिथं असावा असं तुम्हाला वाटतंय. दिसतं ते काढायचं. माहीत आहे ते काढायचं नाही.”

माझा अतिशय संताप व्हायचा. आता ते आठवलं की होत नाही.

ती गेल्यावर विद्यापीठाच्या सातारा केंद्रातल्या भौतिकीच्या प्रमुखांनी, जयराज निकमांनी, मला मानद म्हणून राहू दिलं. बाहेरची एक संस्था ही सगळी चित्रं गुणमालाच्या नावानं कायमची जतन करणार होती. अट एकच: फेरा पुरा हवा आणि चित्रं खरी हवीत. फेरा दिवाळीआधी पुरा होत होता. दिवाळीनंतर दुर्बीण उतरवून साताऱ्याला काचेच्या कपाटात ठेवणार होते. मला तेवढे दिवस काढायचे होते, बाकी काही नको होतं.

२

तो डाग मला पहिल्यांदा गणपती उठल्यावर दिसला. बिंबाच्या डाव्या कडेशी, मसुराच्या डाळीएवढा, पुसट. सूर्य त्या दिवसांत ओसरत आलेला, डाग क्वचित. मला बरं वाटलं. मी तो काढला.

शुक्रवारी चित्रं साताऱ्याला पोचली आणि निकमांचा फोन आला.

“सर, मंगळवारी डावीकडे तुम्ही जो डाग दाखवलाय, तो कुठून आणला?”

“सूर्यावरून.”

“सूर्यावर तो नव्हता. उपग्रहाचे फोटो माझ्यासमोर आहेत. बुधवारी पण तोच, गुरुवारी पण तोच, आणि जागचा हललेला नाही. सूर्य स्वतःभोवती फिरतो, सर. डाग रोज सरकतात.”

“मला माहीत आहे.”

“मग झालं तर. हे बघा, बाहेरची माणसं एकेक कागद तपासणार. एक खोटा डाग सापडला तर ते सगळा गठ्ठा परत पाठवतील. मॅडमच्या चित्रांसकट. चालेल तुम्हाला?”

तुम्हाला चालेल का, हे वाक्य विद्यापीठातली माणसं फार वापरतात. दुसऱ्याला न चालणारी गोष्ट त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची.

मी परत वर गेलो. डाग कुठला हे ठरवायची रीत साधी आहे. दुर्बीण सूर्यामागं फिरवणारं यंत्र बंद करायचं. बिंब हळूहळू कागदावरून सरकतं. डाग त्याच्याबरोबर सरकला तर सूर्यावरचा. मागची काच हातानं फिरवायची. डाग फिरला तर काचेवरची धूळ. कागद हलवायचा, डाग हलला तर कागदावरचा.

मी यंत्र बंद केलं. बिंब सरकलं, डाग राहिला. काच फिरवली. राहिला. कागद हलवला. कागद खालून निघून गेला आणि डाग होता तिथंच पटावर होता.

चौथी जागा गुणमालानं सांगितली नव्हती. ती म्हणजे माझा डोळा. तासगावच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले, पण काळा ठिपका दिसायचं कारण नाही. “ताण आहे का काही?” त्यांनी विचारलं. मी पैसे देऊन बाहेर आलो.

त्यानंतर मी डाग काढणं बंद केलं. दिसत होता, काढत नव्हतो. रोज कागदावर सही करताना तिचं एक वाक्य मोडतोय हे मला कळत होतं. पण तिचं वाक्य आणि तिची अकरा वर्षं यांतलं एकच वाचणार असेल, तर काय वाचवायचं हे ठरवायला ती नव्हती. मरणाऱ्या माणसांनी नियम घालून जाऊ नये.

३

तो मोठा झाला नाही. रेखीव झाला. आधी डाळ, मग तिला एका बाजूनं निमुळतेपणा आला, मग मागं एक पुसट दांडी. एका सकाळी मी कागद लावला, बिंब नीट केलं आणि बघितलं, तर ती पेन्सिलीची सावली होती. टोक, टोकामागचा तासलेला भाग, आणि पुढं धूसर होत गेलेली काडी.

माझी पेन्सिल खिशात होती.

मी दोन्ही हात मागं घेतले. सावली होती. प्रकाशाच्या वाटेत बघितलं. काचेपासून कागदापर्यंत काही नव्हतं, फक्त उन्हात तरंगणारी धूळ. घुमटाच्या फटीत काडी अडकली असेल, पक्ष्यानं आणली असेल, म्हणून शिडी लावून वर चढलो. या वयात. फट स्वच्छ होती. मी खाली उतरलो, आणि काम तर करायला हवं होतं, म्हणून काढायला बसलो. दोन डाग होते. दोन्ही काढले, सही करायला हात नेला.

सावली हलली. कडेवरून आत आली, बिंबाच्या खालच्या भागात एका कोऱ्या जागेवर थांबली, आणि टोक तिथंच राहिलं.

मी भिंग घेतलं. त्या जागी केसाच्या टोकाएवढा एक डाग होता. माझ्या मोतीबिंदूला तो कधी दिसला नसता. मी तो काढला. सावली उचलली गेली आणि कडेला जाऊन थांबली.

माझ्या पेन्सिलीची सावली कागदावर उजवीकडून पडते, कारण मी उजव्या हातानं काढतो. ही डावीकडून येत होती. गुणमाला डावखुरी होती. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं डाव्या हातानं वाढलं तेव्हा माझ्या आत्यानं ताट सारलं होतं. तिनं वाढायचा हात बदलला, पण पेन्सिलीचा कधी बदलला नाही.

त्या दिवशी मी जेवण विसरलो. लक्षात आलं तेव्हा दिवस बुडाला होता, मग जेवता आलं नाही.

पुढचे काही आठवडे मी कुणाला न सांगता सुखात होतो, हे लिहायला मला संकोच वाटतो. सुखात म्हणजे रोज कटकट होती. मी एखादा डाग टाकला की सावली त्याच्या शेजारी, केसभर बाजूला, येऊन थांबायची. खोडून नीट काढेपर्यंत हलायची नाही.

“तिथंच आहे तो,” मी म्हणायचो.

सावली हलायची नाही.

“इतक्या महिन्यांनी आलीस, आणि चुका काढायला.”

मी खोडायचो. निकमांचा फोन आला. “सर, चमत्कार आहे. एवढे बारीक डाग तर मॅडमच्या चित्रांतच असायचे. डोळ्यांचं काही केलंत का?” मी म्हटलं, सवय झाली. त्यांना बरं वाटलं.

४

आकारामचे गुडघे दुखतात. तो खालच्या खोलीत बसूनच दोर ओढून घुमट फिरवतो आणि मोबाइलवर मेंढ्यांचे व्हिडिओ बघतो. त्याच्या घरची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या या माळावर चरत आली, त्यामुळे वेधशाळा त्यांच्या रानात आली आहे, ते वेधशाळेत आलेले नाहीत, असा त्याचा पक्का समज आहे.

एकदा दोर अडकला म्हणून तो कण्हत वर आला. दोर सोडवला आणि माझ्यामागं उभा राहिला.

“सर, येक इचारू? दोन-दोन पेन्सिली कशापायी धरलाईसा?”

“एकच आहे.”

“ह्या बगा की दोन सावल्या.” त्यानं बोट दाखवलं. मग माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मग डाव्या हाताकडे, तो पटाची कड धरून होता. त्यानं बोट हळूच मागं घेतलं, जसं तव्याजवळून घेतात.

“तुम्हालाही दिसते?”

“मला काय दिसतंय? मला काय बी दिसत न्हाई.” तो जिन्याकडे निघाला होता. “खाली शेरडं मोकळी हाईत. बागंत शिरली तर तो बागवाला मला हितंच पुरंल.”

“आकाराम, मॅडम असतील.”

तो जिन्यात थांबला. त्याचा गुणमालावर फार जीव होता. त्याच्या मुलीच्या फीसाठी ती एकदा कुलगुरूंशी भांडली होती.

“मॅडम व्हय?” तो म्हणाला. “आवं, मॅडम हितं असत्या तर मला पैलं च्या इचारला असता.”

तो पुन्हा वर आला नाही. घुमट फिरवायचा असला की जिन्याखालूनच ओरडायचा.

त्याच संध्याकाळी आमच्या मुलाचा, अतिशयचा, फोन आला. तो पुण्याला असतो. आई गेल्यापासून तो माझ्याशी, मी परीक्षेत नापास झालोय, अशा समजुतीच्या आवाजात बोलतो.

“पप्पा, तिथं माळावर एकटे काय करताय? आईच्या नावासाठी एवढं? ती स्वतः म्हणाली असती, सोडा.”

“ती असं कधीच म्हणाली नसती. आणि मी एकटा नाहीये.”

“म्हणजे? कोण आहे तिथं?”

“आकाराम असतो,” मी म्हटलं.

५

पण आकारामचं ते चहाचं बोलणं मनातून जाईना. मला त्याचा राग आला. मेलेल्या माणसानं चहा विचारावा अशी अपेक्षा धरणं हा काय प्रकार आहे? तरी दुसऱ्या दिवसापासून मी सावलीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. ती कधी चुकत नव्हती. गुणमाला चुकायची. चुकली की जीभ चावायची आणि खोडरबर शोधायची, जो नेहमी तिच्याच मांडीवर असायचा.

एका सकाळी कागदावर माशी बसली. तिला उठवायला मी डावा हात मध्ये घातला. माशी उडाली. बिंब माझ्या हाताच्या पाठीवर पडलं, उन्हाची ऊब लागली. बिंबावरचे डाग हातावर होते.

पेन्सिलीची सावलीही हातावर होती.

मी हात तसाच धरला. शेजारी कुणी, दिसत नसलेलं का होईना, बसून कागदावर टोक टेकवत असेल, तर सावली कागदावर पडेल. मी हात वर घातला की ती हाताखाली झाकली जाईल. ही झाकली गेली नाही. ती सूर्याच्या डागांबरोबर माझ्या हातावर आली. म्हणजे ती प्रकाशातच होती. काच ओलांडून येत होती. दुर्बिणीच्या नळीतून.

आणि नळीतून जे येतं ते उलटं येतं.

हे इथल्या नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. कागदावर जे डावीकडे, ते तिकडे उजवीकडे. वरचं खाली. मी रोज प्रत्येक चित्रावर पूर्व-पश्चिम उलटवून लिहीत होतो, न चुकता, आणि त्याच कागदावरच्या हाताची बाजू मात्र सरळ धरून बसलो होतो. पटावर डावीकडून येणारी पेन्सिल तिकडे उजव्या हातात होती.

मी खुर्चीवर बसलो. गोल भिंतीवर इथं काम केलेल्यांचे फोटो आहेत. फेटेवाले प्राध्यापक, कोटातले निरीक्षक, घड्याळ सांभाळणारे, दोर ओढणारे, आणि शेवटी गुणमाला, एकटी बाई. तिच्याखेरीज बहुतेक सगळे उजव्या हाताचे असतील. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलो. मग लक्षात आलं, मी मूर्खासारखा माणूस शोधतोय. नळीत ज्या जागी सूर्य एकवटतो, तिथं काडी धरली तर ती पेटते. तिथं हात ठेवून महिनाभर धीरानं काम करणारं जे काही होतं, ते या भिंतीवर नव्हतं.

यंत्र मागं पडलं होतं, बिंब एव्हाना सरकून कागदाच्या कडेला आलं होतं. सावली होती तिथंच होती, माझी वाट बघत असल्यासारखी.

६

मला थांबता आलं असतं. थांबलो असतो तर फेरा तुटला असता, आणि गुणमालाची अकरा वर्षं कुठल्यातरी कपाटावर चढली असती. सावलीशिवाय काढायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. तिच्याकडे बघायचं नाही, ती दाखवेल ते काढायचं नाही. दोन्ही दिवस निकमांचा फोन. “सर, पुन्हा डाग गळतायत. शेवटच्या टप्प्यात असं नका करू.” मी फोन भिंतीवर मारायच्या बेतात होतो.

तिसऱ्या दिवसापासून ती दाखवेल ते मी काढायला लागलो. तिला माझ्या बायकोचं नाव देणं तेवढं बंद केलं.

फेरा संपायच्या आदल्या दिवशी आभाळ आलं. परतीचा पाऊस माळावर पडत नाही, नुसता येऊन बसतो. मी कागद लावून ठेवला होता, उघडीप मिळाली तर काढावं म्हणून. बिंब फिकट झालं, विरलं, कागद करडा पडला.

सावली राहिली.

उजेड नव्हता आणि ती होती, आधीपेक्षा काळी. कागदावर काहीच नसताना ती कामाला लागली. थांबायची, टेकायची, बारीकशी हलायची, उचलायची, पुढच्या जागी जायची. मी तिची चाल ओळखली, कारण ती माझी होती. डाग काढताना माणूस असाच करतो. आधी बघतो, मग टेकवतो, पुन्हा बघतो.

मला आजवर वाटत होतं की ती मला दाखवतेय. ती मला काही दाखवत नव्हती. ती तिचं काम करत होती, आणि मी तिच्या कागदावरून नक्कल करत होतो.

“सर, आज काय हुईल असं वाटत न्हाई,” खालून आकाराम ओरडला. “घुमट लावू का?”

“थांबा जरा.”

ढग दाट होते. मी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. पट बाजूला सारला, वाकलो आणि काचेला डोळा लावला.

ढग दिसला. करडा, सपाट, काठोकाठ. डोळा सरावला तशा त्यात बारीक रेषा दिसल्या, मधून बाहेर गेलेल्या, पिंजलेल्या कापसासारख्या. वाऱ्यानं होतं असं, मी स्वतःला सांगितलं.

मग तो ढग डोळ्यासारखा मिटला, आणि उघडला.

मी पट जागेवर आणला. हातांना आपोआप करता येतं ते. त्या दिवसाच्या कागदावर लिहिलं: ढग.

७

शेवटच्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं होतं. साताऱ्याहून गाडी आली होती. निकम स्वतः आले नव्हते, ड्रायव्हर आणि एक शिपाई पाठवला होता, शेवटचं चित्र हातोहात न्यायला. दोघं खाली आकारामशी बोलत होते. आकाराम त्यांना सांगत होता की साताऱ्याची मेंढरं मेंढरं न्हवंत.

मी वर आलो. येऊ नये असं वाटत होतं, पण खाली थांबून शिपायाला काय सांगणार होतो? बिंब नीट केलं. चार डाग होते. सावलीनं दाखवायच्या आधी तीन मला दिसले. चौथा तिनं दाखवला, मी काढला. गुणमालाचा फेरा पुरा झाला होता. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, आलं नाही. एक दिशारेषा राहिली होती.

चित्र पुरं झालं की ही रेषा काढावी लागते. त्याशिवाय कागदाला अर्थ नाही, सूर्याची पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली हेच कळत नाही. यंत्र बंद करायचं, बिंब आपोआप सरकू द्यायचं, एक डाग धरून तो सरकत जाईल तसतशा खुणा करायच्या. तेवढ्या वेळात कागद सुतभर हलला तरी चित्र वाया. पटाचा चाप केव्हाचा सैल झालेला. विद्यापीठाकडे दोनदा मागणी केली होती, उत्तर म्हणून मागणीचा नमुना बदलल्याचं कळवलं होतं. त्यामुळे कागद डाव्या हाताच्या पंजानं दाबून धरायचा आणि उजव्या हातानं खुणा करायच्या.

मी यंत्र बंद केलं. पंजा दाबला. पहिली खूण केली.

सावली आज कडेला गेली नाही. ती बिंबावरून निघाली आणि सावकाश माझ्या डाव्या हाताकडे आली. करंगळीच्या नखाजवळ थांबली. टेकली.

बघून घेण्यासाठी थांबली होती ती. मग नखाच्या कडेकडेनं, घाई न करता, पुढे सरकली.

जिथून टोक जात होतं तिथली ऊब जात होती. दुखत नव्हतं. करंगळीची बाहेरची कड, मग बेचका, मग पुढचं बोट. बिंब तोवर अर्धं कागदाबाहेर गेलं होतं. दुसरी खूण केली. हात ओढून घ्यावा असं सगळ्या अंगानं म्हटलं. हात ओढला की कागद घसरणार होता. बाहेरची माणसं एकेक कागद तपासणार होती. तिसरी खूण राहिली होती.

“ओ सर!” खालून आकाराम. “ह्यो शिपाई लय खोळंबलाय! कागुद द्या की!”

“आणतो.”

“आवं, किती येळ?”

अंगठ्याला वळसा घालून टोक मनगटापाशी आलं. तिसरी खूण केली. बिंब कागदावरून पूर्ण गेलं, पट करडा झाला, आता कागद कुणीही उचलून नेला तरी चाललं असतं. माझं काम संपलं होतं. मी हात उचलायला गेलो.

बोटांना ते कळलं नाही. कागदावर माझा पंजा जसा ठेवला होता तसाच होता, रेखीव, नखांसकट, आणि तो माझा आहे हे मला फक्त बघून समजत होतं.

“थोडं राहिलंय,” मी खाली सांगितलं.

टोक मनगटावर थांबलं, टेकलं, पुन्हा उचललं गेलं आणि जिथं ऊन नव्हतं तिथं, सदऱ्याच्या बाहीवरून, वर यायला लागलं.